पातेलं दाखवायचं नाही

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो फुकट आला, म्हणून पहिले काही दिवस मी त्याच्याकडे पाठ करूनच जेवलो. फुकट वस्तू घरात शिरली की तिच्या मागून कोण आत येतो ते बघायचं, ही माझी सवय जुनी. देश सोडून इथं आलो आणि इथल्या शिपयार्डात वेल्डिंग करण्यात माझा उभा जन्म गेला. तिथं सुपरवायझरनं फुकट कॉफी पाजली की संध्याकाळी जादा पाळी गळ्यात पडायची, हे मला ठाऊक होतं.

कॉम्प्युटर घेऊन आलेल्या माणसानं आमचं स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, वायरी जोडल्या आणि वर सुपारीएवढा कॅमेरा चिकटवला. तो नेमका शेगडीकडे वळवला. मी विचारलं, "हप्ता किती?"

"नो मनी, अंकल. फ्री लाह."

"आणि बंद पडला तर भरपाई कोण देणार?"

"ऑल फ्री," असं म्हणून तो हसला आणि लिफ्टकडे गेला. हसला म्हणून माझा संशय आणखी वाढला.

हे सगळं माझ्या बायकोसाठी होतं. तिला साखरेचा आजार, तो बरीच वर्षं. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, रक्त तपासलं आणि तारीख मागे घेतली. पुन्हा दिली, पुन्हा मागे घेतली. साखर एवढी वर असताना डोळ्याला हात लावणार नाही, जखम चिघळली तर आहे तेवढंही दिसायचं बंद होईल, असं त्यांनी सांगितलं. आणि फार दिवस थांबणंही बरं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तोवर तिची गत अशी झाली होती की चहा कपात ओतताना ती बोट आत घालून बघायची. लिफ्टमध्ये शिरली की बटणांवरून हात फिरवत उभी राहायची आणि भलत्याच मजल्यावर जाऊन परत यायची. आल्यावर मला म्हणायची, "जरा फिरून आले."

तर हॉस्पिटलातल्याच एका बाईनं आम्हाला सांगितलं की एक संस्था आहे, ती गरीब पेशंटांना घरबसल्या कॉम्प्युटरवर स्वयंपाक शिकवते. काय खावं, किती खावं, कसं शिजवावं.

मी म्हटलं, "आम्ही गरीब नाही. पगार कमी आहे."

ती बाई चिनी, तिला माझं म्हणणं कितपत कळलं कोण जाणे. तिनं मान हलवली आणि आमचं नाव लिहून टाकलं. मी त्या वेळी सेरंगूनला एका काँडोच्या, म्हणजे पैसेवाल्यांच्या सोसायटीच्या, गेटवर सिक्युरिटीचं काम करत होतो. गाड्यांचे नंबर लिहायचे, आतल्या साहेबांना फोन लावायचा. कोण कुणाकडे आलंय, का आलंय, खरंच त्यांच्याकडेच आलंय का, हे बघणं माझं कामच होतं. घरी आल्यावर ते काम संपत नाही.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर लागला तर पडद्यावर चौकोन चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक स्वयंपाकघर. एकात एक चिनी अंकल बनियनवर बसलेला. एकात डोक्याला रुमाल बांधलेली मलय बाई, माझ्या बायकोच्याच वयाची. अशा वयाच्या बाईला इथं मकचिक म्हणतात. आणखी दोन-तीन चेहरे होते, ते येऊन-जाऊन असायचे. मधल्या चौकोनात शिकवणारी मुलगी. ती सगळ्यांशी सोपं इंग्रजी बोलली, मग आमच्याकडे वळून एकदम मराठीत म्हणाली, "काकू, काका, नमस्कार. मी पुण्याची."

बायकोनं पडद्याकडे कान केला. "पुण्यात कुठं गं?" तिचा आवाजच बदलला. त्या दोघींचं पुण्यावरून सुरू झालं ते मटारच्या भावापर्यंत गेलं. माझ्या कपाळावर आठी. मी मधेच विचारलं, "तुम्हाला इकडं कुणी पाठवलं?"

"कुणी नाही काका. मी इथं संशोधनाचं काम करते. हे शनिवारी करते, आवड म्हणून. आणि मला 'तुम्ही' कशाला, 'तू' म्हणा."

"बघू," मी म्हटलं. 'तू' म्हणायचं म्हणजे घरातलं माणूस झालं. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला मी 'तू' म्हणत नाही.

आवड म्हणून कोण शनिवार घालवतं? माझ्या डोक्यात एकेक सुरू झालं. आमच्याच ब्लॉकमध्ये एकानं सरकारकडून भाड्यानं मिळालेल्या फ्लॅटमधली खोली परस्पर दुसऱ्याला दिली होती, तेव्हा चौकशीला माणसं आली होती. मला वाटलं, आता माणसं पाठवायची गरजच नाही, डोळाच घरात नेऊन बसवला. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. पण म्हणून कुणालाही घर उघडून दाखवायचं, असं थोडंच आहे? क्लास संपला की मी कॅमेऱ्यावर माझा पायमोजा चढवत असे. धुतलेला.

मग वाटलं, ही पावडर विकणार. काँडोत अशा बायका येतात, आधी वजन करून देतात, मग डबा विकतात. मी दर शनिवारी वाट बघायचो की आज डबा निघतो. डबा काही निघाला नाही. ती आपली आमच्याच घरातल्या वस्तू विचारायची. डाळ कुठली, तेल किती, पालेभाजी कितीदा. नारळ थोडा कमी घाला म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "आम्ही चिपळूणकडचे." ती म्हणाली, "म्हणूनच थोडा म्हटलं काका, बंद करा नाही म्हटलं." उत्तर बरं होतं. पण चांगली उत्तरं देणाऱ्या माणसावर मी जास्त लक्ष ठेवतो.

रीत अशी होती की सगळ्यांनी आपापल्या घरी शिजवायचं आणि ताट वाढून कॅमेऱ्यासमोर धरायचं. मग ती सांगणार, हे बरोबर, हे जास्त. माझ्या बायकोचं ताट पहिल्यापासून शहाण्यासारखं. एक भाकरी, भाजी, आमटीची वाटी आणि मुठीएवढा भात. ती मुलगी बघत राहायची. "काकू, एवढंच?"

"एवढंच गं. मला काय लागतं?"

चिनी अंकलचा वाडगा नूडल्सनी काठोकाठ भरलेला असायचा. तो विचारायचा, "दिस वन कॅन ऑर नॉट कॅन?" मुलगी म्हणायची, नॉट कॅन. तो म्हणायचा, "फॉर यू एव्हरीथिंग नॉट कॅन," आणि सगळे हसायचे. त्याची साखर उतरू लागली. मकचिकची आणि आमच्या हिची उतरेना.

एका शनिवारी ताट बघून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "काकू, भाताचं पातेलं दाखवता जरा?"

बायको हात लांब करून पातेलं चाचपू लागली. मी उठलो आणि कॅमेऱ्यावर पंजा ठेवला. "पातेलं दाखवायचं नाही."

"काका, मला फक्त बघायचं होतं किती उरतं ते."

"ताट बघितलंत ना? पातेल्यात काय आहे ते घराचं घराला."

यात माझं काय चुकलं ते आजही कुणी मला समजावून सांगावं. लोकांच्या पातेल्यात बघायचं नसतं. जेवणाऱ्याच्या भाकऱ्या मोजायच्या नसतात. आमच्या लहानपणी शेजारची बाई जेवायच्या वेळी आली की आई आधी पातेल्यावर ताटली टाकायची. आत काय आहे, किती आहे, की काहीच नाही, हे बाहेरच्याला दिसता कामा नये. आमच्यात बहुतेक वेळा काहीच नसायचं. माझं जेवण होत असताना पळी पातेल्याच्या बुडाला घासल्याचा आवाज यायचा, आणि मला कळायचं की आता आई उपाशी निजणार. लग्न झालं तेव्हा मी बायकोला एवढंच सांगितलं होतं की माझ्या घरात तो आवाज मला ऐकू येता कामा नये. तिनं तो कधी ऐकू येऊ दिला नाही. माझं पोट भरलं तरी पातेल्यात भात असायचाच.

त्या मुलीनं पुन्हा पातेल्याचं नाव काढलं नाही. माझ्या लेखी ते प्रकरण तिथं मिटलं.

नोव्हेनाला रक्त तपासलं. साखर होती तिथंच, उलट थोडी वर. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस बघू, नाहीतर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल आणि मगच डोळ्याचं बोलू. परत आम्ही एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, आलो. आमचं स्टेशन पासिर रिस यायच्या थोडं आधी बायको म्हणाली, "अहो, डावा डोळा आता नुसता उजेड-अंधार सांगतो."

घरी येऊन मी विचार करत बसलो. ताट रोज माझ्या डोळ्यांदेखत वाढलं जातं. मी स्वतः बघतो. मग साखर येते कुठून? एक तर त्या मुलीचं शिकवणं खोटं, नाहीतर हॉस्पिटलचं यंत्र खोटं, नाहीतर माझी बायको. पहिल्या दोघांची चौकशी करणं माझ्या हातात नव्हतं. तिसरीची करणं होतं.

मी साखरेच्या डब्यातली साखर चमच्यानं सपाट करून वर बोटानं रेघ ओढली. रेघ तशीच राहिली. गुळाचा डबा बघितला, त्यात चिंच निघाली. गाद्या उचलल्या, देवाच्या फोटोमागे बघितलं. ती खाली ब्लॉकच्या बाकावर बसायला गेली की मी जिन्याच्या आडोशाला उभा राहायचो. ती आपली बसून राहायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलांवरून माणूस ओळखायची. एकदा मी चोरपावलांनी मागून गेलो तर न वळता म्हणाली, "सिक्युरिटीवाले, आज रजा वाटतं?"

"सहज आलो होतो."

"सहज देवाच्या मागेही बघितलंत ना? उदबत्तीचं घर पडलंय, मला वास आला."

मी वर जाऊन उदबत्तीचं घर उभं केलं. पण संशय गेला नाही. पकडला गेलेला माणूसच असा सफाईदार बोलतो, हे गेटवरच्या अनुभवानं सांगतो.

मग तो शनिवार. क्लास संपला होता. मुलगी "बाय बाय" करून गेली, चिनी अंकल गेला. मी पायमोजा आणायला आत गेलो होतो. कॉम्प्युटर बंद करायचा राहिला होता. मी परत आलो तर स्वयंपाकघरात तो आवाज.

खर्र. खर्र.

पळी बुडाला घासल्याचा. मी जागीच थांबलो. बायको खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती, तिच्या हातात काही नव्हतं. आवाज कॉम्प्युटरमधून येत होता. मकचिकचा चौकोन उघडाच राहिलेला. ती मांडीवर भाताचा टोप घेऊन बसली होती आणि मोठ्या चमच्यानं तळाची खरपूस साल काढून काढून तोंडात टाकत होती. ताट तिचं केव्हाच धुऊन झालं होतं.

माझी बायको हसायला लागली. "बघा, तीपण तेच करते."

"तेच म्हणजे काय करते?"

"भांडं रिकामं करते. दुसरं काय?"

"म्हणजे तू करतेस?"

"मग कोण करणार? तुम्ही?"

मी समोर बसलो. मलय बाईचं खर्र खर्र चालूच होतं. "किती?" मी विचारलं.

"किती काय? उरतं तेवढं. असंच, उभ्याउभ्या. थोडं रात्री, थोडं सकाळी फोडणी घालून. तुम्ही गेटवर गेल्यावर."

"आणि त्या पोरीला सांगायचीस एवढंच जेवते म्हणून."

"जेवते तेवढंच." ती अगदी मनापासून म्हणाली. "ते काय जेवण आहे? ते उरलेलं आहे. तुम्ही शिळं खात नाही. अन्न टाकू? पुन्हा वर पातेलं भरलेलं पाहिजे."

"पातेलं भरलेलं पाहिजे म्हणजे तू गिळून टाक, असं मी म्हटलं होतं?"

"काय करायचं ते तुम्ही सांगितलंच नव्हतं. तुम्हाला आवाज नको होता. मी तुम्ही झोपल्यावर लाकडी चमच्यानं काढते."

लाकडी चमच्यानं. इतकी वर्षं. मी इतके दिवस देवामागे, गादीखाली काय शोधत होतो, आणि ते रोज शेगडीवर ताटली टाकून उघड्यावर ठेवलेलं होतं.

मला राग कुणाचा आला ते तेव्हा नीट कळलं नाही. त्या पोरीचा आला, एवढं आठवतं. तिला ठाऊक असणार. पातेलं दाखवा म्हणाली ते उगीच नव्हे. तिच्याही आईला तिनं पुण्यात अशीच उभ्याउभ्या खाताना बघितलं असणार. ठाऊक होतं तर सरळ सांगायचं. पण सरळ सांगितलं असतं तर मी वायरच उपटली असती, हेही तिला ठाऊक असणार. असल्या हुशार माणसांशी कसं वागावं माणसानं?

तो आठवडा मी पातेल्याकडे बघतच जेवलो. बायको म्हणाली, "त्या मुलीला सांगू नका हं. काय म्हणेल, पुण्याची आहे, खाखा सुटलीय म्हणेल." मी म्हटलं, "घरातलं बाहेर सांगायची मला सवय नाही." आणि खरंच नव्हती.

पुढच्या शनिवारी ताटं दाखवून झाली. चिनी अंकल झाला, मकचिक झाली, आमची झाली. मुलगी म्हणाली, "छान, काकू." तिच्या आवाजात आता काही उमेद उरली नव्हती. ती पुढच्या चौकोनाकडे वळायला लागली. बायको पडद्याकडे तोंड करून बसली होती, पण बघत होती भिंतीकडे. तिला पडदा कुठं संपतो तेही दिसत नव्हतं.

मी उठलो, पातेल्यावरची ताटली काढली आणि पातेलं कॅमेऱ्यासमोर आडवं धरलं. भात अर्ध्याच्या वर होता.

"घे, बघ काय बघायचंय ते."

बायकोनं माझा सदरा मागून ओढला. मी हललो नाही. हात भरून आले, पण पातेलं खाली घेतलं नाही. माझ्या आईनं बघितलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

ती मुलगी पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "काका, हे रोज उरतं?"

"रोज. माझ्या सांगण्यावरून."

"बरं. उद्या एक वाटी तांदूळ कमी घाला. आणि काकूंना तुमच्याबरोबरच बसवा. मागाहून नको."

"उद्याचं उद्या," मी म्हटलं. लगेच हो म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही.

तेवढ्यात मकचिकनं तिथून काहीतरी विचारलं. त्या मुलीनं तिला मोडक्यातोडक्या मलयमध्ये सांगितलं. मकचिक दोन्ही हात तोंडावर ठेवून हसली, उठून गेली आणि आपला टोप घेऊन आली. मग चिनी अंकलही उठला. तो म्हणाला, "माय वाइफ पॉट ऑल्सो?" आणि त्यानं बायकोला हाक मारली. ती बिचारी आजवर कधी कॅमेऱ्यासमोर आली नव्हती, क्लास तर तिच्या नवऱ्याचा होता. ती कढई घेऊन आली आणि ओशाळून उभी राहिली. त्या दिवशी सगळ्या ब्लॉकांतली भांडी आम्ही बघितली. मला ते आवडलं नाही. पण बघितली.

दुसऱ्या दिवसापासून तांदूळ मी घालायला लागलो. तिला मापाची वाटी नीट दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी मी तिच्यावर विसंबलो नसतो. ती समोर बसली जेवायला. आम्हा दोघांनाही जमेना. ती सारखी उठायची, काहीतरी वाढायला. मी म्हणायचो, "बस." ती म्हणायची, "मला असं कुणी बघत असलं की घास उतरत नाही." मी म्हणायचो, "तुला कुठं दिसतंय मी बघतोय ते." मग हसायची आणि जेवायची. शेवटचा भात वाढताना पळी बुडाला घासायची. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी हात धुऊन उठलो होतो. नंतर बसायला लागलो. ताट संपलं की पातेलं मीच उचलून नळाखाली धरायचो, आत काही चिकटलेलं असलं तर तिच्या हाताला लागू नये म्हणून. विश्वास असा एका दिवसात बसत नाही.

नोव्हेनाला पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद बघितला, मग आमच्याकडे बघितलं. मी म्हटलं, "यंत्र पुन्हा लावून बघा." त्यांनी सांगितलं, यंत्र ठीक आहे. साखर हवी तेवढी नाही, पण ऑपरेशन करता येईल इतकी उतरली आहे. तारीख दिली. या वेळी मागे घेतली नाही.

आधी डावा डोळा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येईपर्यंत काळा चष्मा लावून ती माझा हात धरून चालली, लिफ्टचं बटण मात्र तिनं स्वतः दाबलं, आणि आमच्याच मजल्याचं दाबलं. घरात शिरली ती सरळ स्वयंपाकघरात. मला वाटलं देवाला नमस्कार करेल, खिडकीतून बाहेर बघेल. तिनं चष्मा कपाळावर ढकलला, मांडणीवरचं भाताचं पातेलं उचललं, उजेडाकडे धरलं आणि आतून बोट फिरवलं.

"अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही घासत होतात?"

"रोज."

"कशानं?"

मी नळाकडे बोट दाखवलं. तिनं दुसरं पातेलं काढलं, मग कढई काढली, मग डाव. सगळी नळाखाली मांडली आणि चष्मा डोळ्यांवर ओढून बाह्या वर केल्या. डॉक्टरांनी वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं बजावलं होतं, म्हणून मी मध्ये पडलो. शेवटी ठरलं ते असं की ती खुर्चीवर बसून सांगणार आणि मी घासणार. मी घासत होतो आणि ती मागून म्हणत होती, "तिथं नाही, कढईच्या कानाखाली. तिथं अजून तेल आहे. मला दिसतंय."